वत्सलाताईंच्या स्वागताची तयारी

३ मार्च २००६, शुक्रवार

वत्सलाताई अमेरिकेहून परत येताहेत, आणि ही बातमी मला चंदरकडून कळावी, याचा राग सकाळपासून उतरलेला नाही.

‘गोदाकाठ’ हा ई-ग्रुप मी चालवतो. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर मी तो सुरू केला. आज नाशिकचे आणि नाशिकबाहेर गेलेले मिळून तीनशेच्या वर लोक त्यात आहेत, आणि रोज उठून त्यांची भांडणं मी सोडवतो. पण सकाळी आमच्या भागात वीज नसते. तेवढ्यात ताईंची मेल येऊन गेली, आणि मी संगणक सुरू करेपर्यंत तिच्याखाली डझनभर लोकांचं ‘वेलकम बॅक’ लिहून झालं होतं. चंदरने वर फोन करून विचारलं, देवरेकाका, तुम्ही अजून काहीच कसं लिहिलं नाही. त्याचं कॉलेज रोडला सायबर कॅफे आहे, तिथे इन्व्हर्टर आहे. त्याला काय जातंय विचारायला.

मेल तरी केवढी, तर दीड ओळ. ‘एकवीस तारखेला नाशिकला येते आहे. बाकी भेटीत.’ या बाईंनी नायगऱ्यावर चार पानं लिहिली होती. मी ती छापून घेऊन शेजाऱ्यांना वाचायला दिली होती.

वत्सला निकुंभ म्हणजे आमच्या ग्रुपचा कणा. शाळेतून निवृत्त झालेल्या, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलता एक मुलगा दिनेश अटलांटाला. गेल्या ऑक्टोबरात त्या कायमच्या म्हणून त्याच्याकडे गेल्या. महात्मानगरचा फ्लॅट विकला, पैसे दिनेशच्या नव्या घरासाठी दिले, घरातलं सामान ग्रुपवाल्यांना वाटून टाकलं. चंदरला कुकर आणि गॅसची शेगडी, तृप्तीला पुस्तकं कपाटासकट, आम्हाला आरामखुर्ची. निरोपाच्या दिवशी सगळे रडले. मीही.

तिथून त्या छान लिहायच्या. घर मोठं, खाली उबदार तळघर, तिथे त्यांची खोली. दिवसभर घरात कुणी नसतं म्हणून त्या जिने पुसत बसतात, असं एकदा गमतीने लिहिलं होतं. जानेवारीत लिहिलं की सूनबाईंचे आईवडील आलेत, त्यांना तळघरातली खोली दिली, आणि मी नातवाच्या खेळण्यांच्या खोलीत गादी टाकते. तिकडे खेळण्यांनासुद्धा वेगळी खोली असते. नशीब लागतं. फेब्रुवारीत काहीच लिहिलं नाही, बहुधा फिरत असतील.

आता सुट्टीवर येताहेत तर स्वागत जोरात व्हायला हवं. मी कामाला लागलो आहे.

७ मार्च, मंगळवार

ग्रुपवर कधी नव्हे ते एकमत झालं, तेही माझ्या सूचनेवर.

आमची एक रीत आहे. परदेशातून आलेल्या सभासदाला ग्रुप कट्टा भरवून पहिली मिसळ खाऊ घालतो. तोवर त्याने नाशकात दुसरीकडे मिसळ खायची नाही. मिसळ झाली की त्याची उलटतपासणी होते. कुणीही काहीही विचारावं, त्याने खरं सांगावं. शेवटचा प्रश्न सगळ्यांनी एका सुरात विचारायचा, ‘परत कधी?’ जाण्याची तारीख सांगितली की टाळ्या आणि चहा.

या वेळी भेट काय द्यायची यावर तृप्ती म्हणाली, शाल. ती कॉलेजात शिकवते, तिथे सगळ्यांना शाली देतात. मी म्हटलं, शाल दिली की माणूस म्हातारा झाला असं वाटतं. आपण चाकांची मोठी प्रवासी बॅग देऊ. ताई आता दरवर्षी ये-जा करणार. जाताना कुरडया, पापड, काळा मसाला, सगळं त्यात मावेल. दुबईपासून पुण्यापर्यंत सगळ्यांना पटलं. बायकोला, सविताला, सांगितलं तर ती म्हणाली, आधी त्यांना विचारा तरी काय हवंय. भेट काय विचारून देतात का.

१४ मार्च, मंगळवार

ताईंची मला एकट्याला मेल. वाटलं, कट्ट्याबद्दल असेल. तर नाही. त्यांच्या ओळखीच्या एका बाईंना नाशकात छोटी खोली भाड्याने हवी आहे. बाई एकट्या आहेत, शाकाहारी आहेत, कुणाला त्रास देणार नाहीत. लवकर मिळाल्यास बरं.

मी सविस्तर उत्तर लिहिलं. एकट्या बाईला सहजी कुणी खोली देत नाही, आधी त्यांचे नातेवाईक कोण, जबाबदारी कोण घेणार, हे विचारतात. दलालाशिवाय काम होत नाही. शिवाय या वयात बाईंनी मुलाबाळांजवळ राहावं हे उत्तम, असा सल्लाही दिला. दीड तास गेला त्यात. त्यावर एका शब्दाचं उत्तर आलं, ‘आभार.’ बॅगेचा रंग कुठला आवडेल, हे मी आडून विचारलं होतं, त्याबद्दल ओ नाही की ठो नाही.

२१ मार्च, मंगळवार

आज तोंडावर आपटलो. मी, चंदर आणि तृप्ती हार घेऊन नाशिकरोड स्टेशनवर गेलो. मुंबईकडून येणाऱ्या दोन गाड्या बघितल्या. चंदरने पुठ्ठ्यावर ‘गोदाकाठी स्वागत’ असं लिहून आणलं होतं, ते धरून आम्ही उभे. लोक आम्हाला टूरवाले समजून हॉटेलं विचारत होते.

घरी येऊन बघतो तर ग्रुपवर मेल, ‘गोदाकाठी पोचले.’ आल्या कधी, तर रविवारीच. एस.टी.ने. पंचवटीत नातेवाइकांकडे उतरल्या आहेत. मला फोन करून सांगायला काय झालं होतं? झेंडूचा हार सविताने देवाला घातला. मी जेवलो नाही नीट.

सविता संध्याकाळी त्यांना भेटून आली. कशा आहेत विचारलं तर म्हणाली, बऱ्या आहेत. मग स्वयंपाकघरात बराच वेळ नळ सोडून उभी होती. पाणी वाया जातंय म्हणून मी ओरडलो.

२५ मार्च, शनिवार

अमेरिकेत जाऊन माणूस बदलतो असं ऐकलं होतं, पण इतका बदलत असेल असं वाटलं नव्हतं.

दुपारी चंदर आला. मान खाली घालून म्हणाला, काका, ताई कॅफेत आल्या होत्या, मेल बघायला. जाताना त्यांनी विचारलं, तो कुकर तू वापरतोस का रे? मी म्हटलं, रोज, भात त्यातच लावतो. मग त्या म्हणाल्या, असू दे, असू दे, शेगडी तर तुला लागतच असेल. मला कळेना, परत मागत होत्या का?

मी म्हटलं, दिलेली वस्तू कुणी परत मागतं का? डॉलरमध्ये राहून आलेली बाई तुझ्या कुकरवर कशाला डोळा ठेवेल. पण मनात आलं, तिकडे राहून कंजूषपणा शिकल्या की काय. आमच्या आरामखुर्चीबद्दल अजून विचारलेलं नाही. विचारलं तर मी देणार नाही, तिचा वेत मी नवा बसवून घेतला आहे.

त्यांचं टपालही डोक्याला ताप झालं आहे. कट्ट्याची छापील पत्रिका मी कुरियरने पाठवली, ती ‘येथे राहत नाहीत’ असा शेरा मारून परत आली. पत्ता त्यांनीच दिलेला. फोन केला तर म्हणतात, आता दुसऱ्या नातेवाइकांकडे आले आहे, शेजारीच. या बाईंना पंचवटीत एवढे नातेवाईक कुठून आले? इतकी वर्षं ओळखतो, एकाचं नाव कधी ऐकलं नाही.

२७ मार्च, सोमवार

सविताला एकाएकी देवाचं वेड लागलं आहे. मंगळवारी पंचवटी, शुक्रवारी पंचवटी, आज पुन्हा पंचवटी. जाते ती सकाळीच, आणि मला पोळ्या झाकून ठेवलेल्या. सटाण्याहून लग्न होऊन आली तेव्हापासून तिला काळाराम मंदिरात न्यायला मलाच मागे लागावं लागायचं. आता म्हणते, ताईंबरोबर दर्शन होतं, बरं वाटतं. मी म्हटलं, रोज जायचं तर रोज जा, हे तीन-तीन दिवसांनी जाणं कुठल्या व्रतात बसतं? तर माझ्याकडे बघून नुसती हसली. ते हसणंही मला आवडलं नाही.

शिवाय आज धुण्याच्या मशीनमध्ये दोन परक्या साड्या. ताईंच्या, म्हणाली. त्यांच्या नातेवाइकांकडे पाणी कमी येतं. पाहुणी बाई नातेवाइकांकडे उतरते आणि धुणं आमच्याकडे पाठवते, यावर माणसाने बोलायचं तरी काय.

३० मार्च, गुरुवार, पाडवा

ताई जेवायला आल्या होत्या. गुढीला वाकून नमस्कार केला, मला ‘किशोरराव, कष्ट फार घेताय तुम्ही’ म्हणाल्या, तेव्हा थोडं बरं वाटलं. वाळल्या आहेत. श्रीखंड दोनदा घेतलं. जेवण झाल्यावर मी त्यांना मागची खोली दाखवली. तिला अंगणातून वेगळं दार आहे, जुनी मोरी आहे, मी तिथे संगणक आणि ग्रुपचे सगळे कागद ठेवतो. इथूनच आपला ग्रुप चालतो, म्हटलं. त्या खिडकीशी गेल्या, गजाला हात लावला, म्हणाल्या, उजेड छान आहे. मग किती तरी वेळ तिथेच उभ्या. मी त्यांना सभासदांचा तक्ता दाखवत होतो, त्यांचं लक्ष नव्हतं.

सविता दारातून म्हणाली, अहो, ताईंना ही खोली... आणि ताईंनी तिला तिथेच थांबवलं. ‘सविता, तू मला शब्द दिला आहेस.’ कसला शब्द, विचारलं, तर दोघी कुरडयांबद्दल बोलायला लागल्या. बायकांची गुपितं. असोत.

२ एप्रिल, रविवार

आज लिहायला बसलो आहे पण कुठून सुरुवात करू ते कळत नाही. क्रमाने लिहितो.

कट्टा गंगापूर रोडला, मिसळीच्या हॉटेलाच्या वरच्या हॉलमध्ये. येतो म्हणाले चाळीस, आले अकरा. नेहमीप्रमाणे. वीज गेली, पंखे बंद. तरी मिसळ चांगली होती. ताईंनी खरंच तोवर मिसळ खाल्ली नव्हती, रीत पाळली. रस्सा दोनदा मागितला.

उलटतपासणीत तृप्तीने विचारलं, तिथे सगळ्यात काय आवडलं? ताई म्हणाल्या, वाचनालय. दार ढकललं की उघडतं, आणि तुम्ही कोण, कुणाच्या, असं कुणी विचारत नाही. लोक हसले. मग मी उठून भाषण केलं. म्हटलं, ताई आता अमेरिकेच्या, आपण त्यांचं माहेर, माहेरवाशिणीला जाताना काही तरी द्यायला हवं. पडदा बाजूला केला, बॅग पुढे आणली. निळी, चार चाकांची. टाळ्या झाल्या. आणि सगळ्यांनी मिळून विचारलं, ‘परत कधी?’

ताईंनी बॅगेची मूठ वर ओढून पाहिली, खाली दाबली. ‘चाकं चांगली आहेत,’ म्हणाल्या. आणि मग, ‘उपयोगी पडेल.’ तारीख सांगितलीच नाही. मी पुन्हा विचारलं, रीत आहे म्हटलं. त्या म्हणाल्या, चहा सांगा ना, घसा सुकलाय. सविताने हातातली ताटली आपटली. मला अकरा लोकांसमोर खजील झाल्यासारखं झालं.

निघताना मी म्हटलं, बॅग घेऊन रिक्षाने कुठे जाता, मी गाडीतून सोडतो. ताई नको नको म्हणत होत्या. सविता म्हणाली, मीपण येते. मी म्हटलं, मागे बॅग आहे, जागा कुठे? तू इथलं मिटवून रिक्षाने घरी जा. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मी हट्टाने ताईंना गाडीत बसवलं.

पंचवटीत एका बोळाच्या तोंडाशी त्या म्हणाल्या, इथेच सोडा. घरापर्यंत येतो म्हटलं तर गाडी आत जात नाही म्हणाल्या. नातेवाइकांची ओळखसुद्धा करून द्यायची नाही, एवढं काय, असा विचार करत मी निघालो. पुलापर्यंत गेलो तर सीटवर त्यांच्या चष्म्याचं घर. परत फिरलो.

बोळात घर नाही, एक भक्तनिवास आहे. अंगणात ताई पायरीवर बसल्या होत्या. बाजूला त्यांच्या दोन जुन्या बॅगा आणि आमची नवी निळी. मला वाटलं, कुणाची वाट बघताहेत. तेवढ्यात तिथला व्यवस्थापक, सावळीराम नाव त्याचं, बाहेर येऊन मला म्हणाला, ‘तुम्ही यांचे कोण? यांच्या भैणीला लवकर बोलवा. खोली तीनच दिवस मिळती, ते झाले, सकाळी सोडली त्यांनी. दोघी असल्याबिगर नव्यानं देता येत नाय. एकट्या मानसाला आम्ही खोली देत नाय, नियम हाय. आन् रामनवमीची लय गर्दी हाय.’

मी विचारलं, कोण बहीण. तो म्हणाला, ‘सविताबाई. दर खेपेला येत्यात, नाव लावत्यात, अन् जात्यात.’ एकटं माणूस आलं की जिवाचं काही बरंवाईट करून घेतं आणि मग निस्तरायला आम्ही, असंही त्याने समजावलं. चांगला माणूस होता. यांना आम्ही दोनदा दिली, शेजारच्यांनी दोनदा दिली, आता किती फिरवणार, म्हणाला.

मी पायरीवर बसलो. आणि इतका मूर्ख मी, की विचारलं, ‘ताई, तुमचे नातेवाईक कुठे आहेत?’

त्यांनी चष्मा घातला. म्हणाल्या, ‘किशोरराव, मला कुणी घालवलं नाही हं. दिनेशला दोष देऊ नका. सूनबाईंची आई आजारी असते, त्यांना तिथेच ठेवायचं ठरलं. मी म्हटलं, मग मी जाऊ का नाशिकला? तो म्हणाला, आई, तुला जसं बरं वाटेल तसं. तिकीट काढलं, विमानतळावर सोडलं, रडलासुद्धा. फक्त थांब असं कुणी म्हणालं नाही.’

आमच्याकडे का नाही आलात, मी विचारलं. सविताने पहिल्याच दिवशी बोलावलं होतं, म्हणाल्या. ‘पण तुमच्या घरात काही झालं की संध्याकाळी ते ग्रुपवर येतं. नायगऱ्यावर लिहिणारी वत्सलाताई तेवढी एक जागा उरली होती मला. ती राहू द्यावी असं वाटलं.’

तेवढ्यात रिक्षातून सविता उतरली. घामाघूम, पर्स छातीशी धरलेली. मला तिथे बघून थबकली, आणि मग चिडली. एरवी ती माझ्याशी शुद्ध बोलते, चिडली की सटाण्याची होते. ‘तुमले काहीच समजत नही का? ती एकली शे. महिना झाला मी डोळ्यांनी सांगतेय.’

महिना झाला नव्हता. पण मी दुरुस्त केलं नाही.

तिन्ही बॅगा गाडीत घातल्या. सविताला पुढे बसवलं, ताई मागे, बॅग मांडीवर. जागा झाली.

५ एप्रिल, बुधवार

मागची खोली रिकामी केली. संगणक आता दिवाणखान्यात, टीव्हीच्या शेजारी. सविताची मालिका आणि माझं ग्रुपचं काम एकाच वेळी, डोकं उठतं. कागद कुठे ठेवू ते कळत नाही. वायरमनने टेलिफोनची वायर उंबऱ्यातून नेली आहे, मी तिला रोज दोनदा अडखळतो.

ताईंनी दोन अटी घातल्या. भाडं घेतलंच पाहिजे, आणि ग्रुपवर या सगळ्यातलं काही नाही. पहिल्या अटीवर मी भांडलो, हरलो. दुसरीवर भांडायला मला तोंडच नव्हतं. त्यांनी स्वतः काही लिहायचं सोडून दिलं आहे. संगणक चालू करून देऊ का, विचारलं की म्हणतात, नको, काय लिहू.

रात्रंदिवस चिडचिड होते आहे, आणि या वेळी कुणावर ते सांगता येत नाही. दिनेशचा मेलचा पत्ता माझ्याकडे आहे. तीनदा लिहायला बसलो, तीनदा पुसलं.

८ एप्रिल, शनिवार

व्हायचं तेच झालं. चंदरने ग्रुपवर लिहिलं, काका, ताईंच्या निरोपाचा कट्टा कधी? तिकीट कधीचं आहे? त्यांना बॅग भरायला वेळ हवा. त्याखाली सगळ्यांचे प्रश्न. कॅलिफोर्नियातला एक म्हणतो, माझ्या आईला लोणचं पाठवायचं आहे, ताईंकडे देऊ का. तृप्तीने मला फोनही केला.

सविता म्हणाली, गप्प बसा. गप्प बसलो तर लोक ताईंनाच विचारणार, कॅफेत, बाजारात, फोनवर. त्यांना खोटं बोलता येत नाही. आयुष्यभर मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगत आलेली बाई.

दुपारी वीज आल्यावर मी लिहिलं ते असं:

‘सर्व सभासदांस. ताई परत जाणार होत्या. दिनेश रोज फोन करून बोलावतो आहे. पण मी त्यांना जाऊ दिलेलं नाही. ताई गेल्यापासून ग्रुपची रया गेली आहे, लोक भांडतात, कुणी धड लिहीत नाही, आणि मला एकट्याला हे झेपत नाही. म्हणून मीच हट्ट धरून, हातापाया पडून त्यांना इथे थांबवून घेतलं आहे. आमची मागची खोली त्यांना दिली आहे. निरोपाचा कट्टा होणार नाही. कुणाला बोलायचं असेल तर मला बोलावं. किशोर देवरे.’

पाठवलं आणि उठून अंगणात गेलो. पुन्हा वाचलं असतं तर पाठवलं नसतं.

९ एप्रिल, रविवार

बोलायला सांगितलं तर लोकांनी बोलून घेतलं. देवरे, स्वतःच्या ग्रुपसाठी एका आईला मुलापासून तोडता? देवरे, बाई भोळ्या आहेत, तुम्ही फायदा घेताय. दुबईवाल्याने विचारलं की खोलीचं भाडं किती लावलंत. हे त्याला कुठून कळलं असेल? बहुधा ताईंनीच सरळपणाने चंदरला सांगितलं. चंदरने मला काका लिहायचं सोडून ‘श्री. देवरे’ लिहिलं आहे.

एकेकाला उत्तर द्यायला हात शिवशिवतो. मी चार वर्षांत या ग्रुपसाठी काय केलं नाही? बँकेत कुणी मला असं बोललं असतं तर मी त्याला लेखी जाब विचारला असता.

ताई जेवायला समोरच होत्या. त्यांनी ते वाचलंय की नाही हे मला माहीत नव्हतं. वरणात मीठ कमी होतं, मी सांगितलं, सविता म्हणाली, घ्या वरून.

११ एप्रिल, मंगळवार

तृप्ती घरीच आली. बसली नाही. मला म्हणाली, मी तुमच्याशी बोलायला आलेली नाही, काका. ताईंना बाहेर बोलवा.

ताई आल्या. तृप्तीने त्यांचे दोन्ही हात धरले आणि माझ्यासमोरच सांगितलं की ताई, तुम्ही कुणाच्या भिडेला बळी पडू नका. यांना काय वाटेल याचा विचार करू नका. मी तुमचं तिकीट काढते, मुंबईपर्यंत सोडायला येते. तिकडे तुमचा मुलगा रोज बोलावतोय आणि तुम्ही इथे यांच्या मागच्या खोलीत का राहताय?

सविता स्वयंपाकघराच्या दारात आली होती. मी जमिनीकडे बघत होतो. मला एवढंच वाटत होतं की आता ताईंनी खरं सांगून टाकावं, म्हणजे माझी सुटका होईल. आणि त्यांनी सांगू नये असंही वाटत होतं.

ताईंनी एक हात सोडवून घेतला आणि पदर सारखा केला. मग माझ्याकडे बघितलं. बऱ्याच दिवसांनी शाळेतल्या बाईंसारखं बघितलं.

‘हट्टी आहेत गं फार,’ त्या म्हणाल्या. ‘पण इतकं थांब थांब म्हणाले, आता मोडवत नाही मला.’

तृप्तीने माझ्याकडे असं पाहिलं की तसं मला आजवर कुणी पाहिलेलं नाही. चपला घालून ती निघाली, मी फाटकापर्यंत गेलो, तिने मागे वळून पाहिलं नाही. परत आलो तर ताई दिवाणखान्यात संगणकासमोर बसल्या होत्या, आणि सविताला विचारत होत्या की हा सुरू कसा करायचा.